डावरा डोंगर

१२ सप्टेंबर १९०७

प्रिय कॉनराड,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नसशीलच. शेहेचाळीस वर्षांत माणूस बदलतो, तिथे अक्षराचं काय घेऊन बसलास! मी टिली. तुझी धाकटी बहीण, ओटिली ब्रेंडल, वय एकसष्ट, दात अजून स्वतःचे, गुडघे मात्र कोणा परक्याचे असावेत असे वागतात. वर तारीख घातली आणि गावाचं नाव घातलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. ते शेवटी सांगते. कुठलीही गोष्ट अर्धी ऐकून टोपी उचलायची तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस. खुर्चीत बस, चष्मा लागत असेल तर लाव, आणि सगळं वाच.

आधी बातमी. पापा जिंकले. जाऊन तेहेतीस वर्षं झाली, तरी जिंकले. परवा मंगळवारी डेन्व्हरला नाणी जमवणाऱ्या मंडळींची सभा होती. भरल्या दिवाणखान्यात त्यांचं नाव घेतलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि मी पहिल्या रांगेत हॅट घालून बसले होते. हॅट नवी होती, तीही सांगून टाकते. पण अशी शेपटाकडून सुरुवात केली तर तुला काही कळायचं नाही. वसंतापासून सांगते.

एप्रिलमध्ये ट्रेगिअर माझ्या दुकानात आला. तोच, इंग्लंडहून आलेला कॉर्निश खाणवाला, जो तुला 'जर्मन भोपळा' म्हणायचा. आता ऐंशीचा झालाय, कमरेत वाकलाय, पण जीभ अजून सरळ आहे. वर्तमानपत्र माझ्या टेबलावर आपटून म्हणाला, "टिली, तुझ्या बापाला लफंगा म्हटलंय बघ, आणि तेही शिकलेल्या माणसानं. अडाण्यानं म्हटलं असतं तर मीच दोन ठेवून दिल्या असत्या." लॅथ्रॉप म्हणून कोणी प्राध्यापक आहेत, सोन्याच्या धावपळीच्या काळातल्या नाण्यांवर लिहितात. आपलं दहा डॉलरचं नाणं, टॅपस्कॉटचं, मिटन डोंगराचं, आता साऱ्या देशात फक्त पाच उरलीत म्हणे. मोठमोठे लोक ती मखमलीत ठेवतात. आणि या लॅथ्रॉपसाहेबांनी लिहिलं होतं की ती पाचही खोटी आहेत. कारण काय, तर रोज सकाळी खिडकीतून जो डोंगर दिसतो तो डावा-उजवा उलटा कोरील असा कारागीर जगात जन्मलेला नाही. तेव्हा ही नाणी आपल्या पाईन फोर्क गावची नव्हेतच, डोंगर कधीही न पाहिलेल्या कुणा लांबच्या ठगानं ती पाडली असणार. 'ब्रेंडल नावाचा कोणी कोरणारा खरोखर होता की नाही, याचीही शंकाच आहे.' ही ओळ मी तीनदा वाचली. मग काम बाजूला ठेवलं. हातात एका नवरदेवाची अंगठी होती, रागाच्या भरात त्याच्या बायकोचं नाव चुकलं असतं.

तुझं आणि पापांचं ज्या नाण्यावरून फाटलं, ते नाणंच नव्हतं म्हणे! आपण तिघं उगीचच आयुष्यभर झुरलो की काय!

तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. तुलाही आठवत असणार, पण मला जे दिसलं ते तू पाहिलेलं नाहीस. एकसष्टचा ऑक्टोबर. तोवर खाणवाले पुरचुंडीतली सोन्याची कणी चिमटीनं मोजून पीठ नि बूट घ्यायचे, आणि ज्याचा अंगठा जाड तो दुकानदार श्रीमंत. पापांना काम देणाऱ्या टॅपस्कॉटनं ठरवलं, आपण नाणी पाडायची, चोख सोन्याची, आणि त्यावर आपला डोंगर असेल. बाकीच्यांच्या नाण्यांवर डोंगर म्हणजे पालथं नरसाळं. आपला डोंगर ओळखू आला पाहिजे, म्हणाला. आणि मिटन ओळखायला काय कठीण! चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा, असा लोकरीचा हातमोजा कोणी आभाळाकडे उभा धरावा तसा तो डोंगर. पाईन फोर्कमधून बघावं तर अंगठ्याचा सुळका उजवीकडे.

दाबयंत्राच्या लांब दांड्याला दोन गडी, आणि मधे तू. कोऱ्या चकत्या ठेवायचं काम तुझं. एकोणीस वर्षांचा होतास आणि सकाळपासून भेटेल त्याला सांगत सुटला होतास, "बघाच आमच्या पापांचं काम. वॉशिंग्टनवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटेल." दांडा फिरला, जमीन हादरली, तू पहिलं नाणं उचलून टॅपस्कॉटच्या हातात दिलंस. त्यानं नाण्याकडे पाहिलं, खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, पुन्हा नाण्याकडे. अंगठा डावीकडे होता! मग गर्दीतून ट्रेगिअर ओरडला, "अरे, ब्रेंडलनं उजवा हातमोजा डाव्या हातात घातला की!" आणि सगळं छप्पर हसण्यानं उडालं. सगळ्यात मोठ्यानं तू हसलास, कॉनराड. तुझा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता आणि तू हसत होतास. तुला लाज वाटली म्हणून हसलास, हे तेव्हाही मला कळलं होतं.

पापा पुढे झाले. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता, तो तसाच ठेवून म्हणाले, "माझी चूक. ठसा माझा, चूक माझी." टॅपस्कॉट भला माणूस, पण त्या वेळी कपाळाला हात लावून बसला. नवा ठसा कोरायला पोलाद नव्हतं. मिसूरीहून गाडी यायला सहा आठवडे, आणि बर्फ तीन आठवड्यांवर आलेलं. शेवटी म्हणाला, "पाडा तशीच. सोनं तर सरळ आहे ना!" आठ दिवस नाणी पाडली. चारशेच्या आसपास झाली असतील, तेव्हा ठशाला अंगठ्याच्या बुंध्यापासून तडा गेला आणि काम संपलं. ते बघायला तू नव्हतास.

कारण त्याच संध्याकाळी ते जेवण झालं. बटाटे आणि कोबी होता. पापांनी खिशातून पहिलं नाणं काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तुला आपल्या धंद्यातली रीत पाठ होती, पापांनीच शिकवली होती. पहिलं नाणं कोरणाऱ्याचं, दुसरं दाबणाऱ्याचं, तिसऱ्यापासून मालकाचं. तू उठून उभा राहिलास. "पहिलं कोरणाऱ्याचं असतं. हिनं काय कोरलं? बटाटे?" असं म्हणालास. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. मग तू जे बोललास ते मी लिहीत नाही. म्हातारा, आंधळा, गावाचं हसं, असं बरंच काही होतं त्यात. पापा म्हणाले, "दार तिकडे आहे." आणि तू टोपी उचललीस. खिंडीतून पलीकडे गेलास असं दुसऱ्या दिवशी लोकांनी सांगितलं, पुढे कॅलिफोर्नियाला गेलास असं दुसऱ्या वर्षी.

पुढचं थोडक्यात सांगते. नाण्याला लोकांनी 'डावरं' नाव ठेवलं. दारूच्या गुत्त्यात नियमच झाला, डावरं नाणं डाव्या हातानंच द्यायचं आणि डाव्या हातानंच घ्यायचं. चुकून उजवा हात पुढे केलास की सगळ्यांना पाजायची. त्या नियमानं ट्रेगिअर तीनदा बुडाला, पण फुकट प्याला त्याहून कितीतरी जास्त, म्हणून तो आमच्यावर खूष. पण नाणं फार दिवस राहिलं नाही. सोनं चोख म्हणून मऊ, खिशात घासूनच डोंगराचं बर्फ वितळायचं. शिवाय टॅपस्कॉट इतका प्रामाणिक, की दहाच्या नाण्यात दहाहून थोडं जास्तच सोनं घालायचा. पूर्वेकडच्या पेढ्यांनी ती गोळा केली आणि वितळवून टाकली. मग सरकारनं कायदाच केला, खाजगी नाणी पाडायची नाहीत. टॅपस्कॉटनं दुकान बंद केलं. त्याच्या प्रामाणिकपणानंच नाणं मारलं म्हणायचं.

आणि पापा. त्यांना पुन्हा ठशाचं काम कोणी दिलं नाही. दोन वर्षांत त्यांचे डोळे पूर्ण गेले. घड्याळं कानानं ऐकून नि बोटांनी चाचपून दुरुस्त करायचे. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांचंच होतं, 'एल. ब्रेंडल, कोरीवकाम'. अंगठ्या, चमचे, निवृत्त शिक्षकांच्या घड्याळांच्या पाठी, सगळं मी कोरायची, आणि लोक म्हणायचे, आंधळा झाला तरी काय हात आहे म्हाताऱ्याचा! आम्ही दोघं हसायचो. लग्न मी केलं नाही. एकदा विचारणा झाली होती, पण त्या माणसाला कोरणी हातात धरणारी बायको नको होती, आणि मला तो.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये पापा गेले. शेवटच्या दिवसांत ते नाणं बोटांत फिरवत पडून असायचे. "खोली छान आलीये," म्हणायचे. तुला मी सॅन फ्रान्सिस्कोच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं, ते परत आलं. त्या पत्रातही खरी गोष्ट लिहायची माझी छाती झाली नव्हती. तेव्हा परत आलं ते बरंच झालं.

तर, डेन्व्हर. मी लॅथ्रॉपसाहेबांना लिहिलं की मी ब्रेंडलची मुलगी आहे आणि ब्रेंडल होता. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं, म्हणजे त्यांचा विश्वास बसला नव्हता. सप्टेंबरात सभा आहे, पाचांपैकी तीन नाणी तिथे येणार आहेत, काही पुरावा असला तर घेऊन या, असं लिहिलं होतं. पुरावा! कॉनराड, तो तडा गेलेला ठसा गेली चाळीस वर्षं माझ्या दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याशी पडलेला होता. मी तो घासला, तेल लावलं, पिशवीत घातला. ट्रेगिअर म्हणाला, मीही येणार, भांडण असेल तिथे मी असायला हवा. आगगाडीत सगळ्या डब्याला त्यानं आपली कहाणी ऐकवली.

दिवाणखान्यात तीन नाणी काचेखाली. चाळीस वर्षांनी मी दुसऱ्याची डावरी पाहिली. मग लॅथ्रॉपसाहेब बोलायला उभे राहिले. उंच, किडकिडीत, बोलायला चांगले. "ज्याचा डोंगर रोज डोळ्यांसमोर आहे, तो माणूस ही चूक करणारच नाही," असं ते म्हणाले आणि मंडळींनी माना डोलावल्या. ट्रेगिअरनं मला कोपर मारलं. "ऊठ की गं! का त्या हॅटचं प्रदर्शन मांडायला आलीस?" मी उठले. म्हटलं, साहेब, ही चूक तोच माणूस करतो ज्याचा डोंगर डोळ्यांसमोर असतो. ज्यानं डोंगर पाहिलेला नाही, तो चित्रावरून काम करतो, आणि चित्र आधी आरशात धरून उलटं करून घेतो, कारण ठशात उजवं कोराल ते नाण्यावर डावं होतं. पण ज्याला डोंगर खिडकीतूनच दिसतोय तो चित्र कशाला काढील? तो बघतो आणि कोरतो. बघतो आणि कोरतो. असं म्हणून मी पिशवीतून ठसा काढून टेबलावर ठेवला. टेबल चांगलंच वाजलं.

मेण आणवलं. मी माझ्या हातानं ठसा मेणावर दाबला आणि उचलला. मिटन, अंगठा डावीकडे, पायथ्याशी लहान होत जाणारी पाच पाईनची झाडं, मागे मावळतीचे किरण. आणि अंगठ्याच्या बुंध्यापासून कडेपर्यंत गेलेली केसाएवढी रेघ, तड्याची. तीनपैकी एका नाण्यावर तीच रेघ होती, त्याच जागी, त्याच वळणाची. शेवटच्या दिवसाचं नाणं होतं ते. लॅथ्रॉपसाहेबांनी भिंग लावून एकदा मेण पाहिलं, एकदा नाणं, पुन्हा मेण. मग सरळ उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मंडळी, मी लिहिलेलं मागे घेतो. ही नाणी खरी आहेत, ब्रेंडल खरा आहे, आणि चुकलो मी आहे." असं म्हणायला मोठं मन लागतं. त्या क्षणी मी त्यांना माफ केलं, आणि ट्रेगिअरनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली.

मी बसणार तोच ते म्हणाले, "पण मिस ब्रेंडल, एक कोडं आहे. अक्षरं एका मुरलेल्या हाताची आहेत, डोळे मिटून ठोकलेली. डोंगर त्या हाताचा नाही. रेघांचा कल वेगळा आहे, दाब हलका आहे. आणि खरं सांगू, या साऱ्या मुलखाच्या नाण्यांत इतका जिवंत डोंगर मी पाहिलेला नाही. हा दुसरा हात कोणाचा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ट्रेगिअरसुद्धा. आणि कॉनराड, शेहेचाळीस वर्षं जे ओठांवर आलं की मी गिळायची, ते मी मोठ्यानं बोलले. म्हटलं, माझा. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

आता तुलाही कळलं. पापांचे डोळे त्या उन्हाळ्यातच अधू झाले होते. अक्षरांचे छाप ते बोटांच्या सवयीनं उजवीकडून डावीकडे ठोकायचे, त्याला डोळे लागत नव्हते. डोंगराला लागत होते. तू दिवसभर खाली दाबयंत्र बसवत होतास, तेव्हा वरच्या खोलीत खिडकीशी बसून डोंगर मी कोरत होते. अकरा दिवस. उलटं कोरायचं असतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. चालताना आधी पाय उचल, असं कोणी सांगतं का? त्यांच्या दृष्टीनं ते तसंच होतं. शेवटी मेणावर छाप घेतली, तेव्हा मला काहीतरी खटकलं, पण माझा डोंगर मला इतका आवडला होता की खटकलेलं मी दूर सारलं. पापांनी मेणावरून अंगठा फिरवला. खोली पाहिली, बाजू पाहिली नाही. "छान आलंय, पोरी," म्हणाले, आणि ठशाला पाणी दिलं. पोलाद एकदा कडक झालं की संपलं.

आणि मग ते हसणं. पापांनी माझ्या खांद्यावर ठेवलेला हात किती जोरात दाबला होता, हे तुला दिसलं नाही. रात्री मला म्हणाले, "पोरीनं कोरलेलं नाणं म्हटलं तर टॅपस्कॉटचं सोनं कोणी हातात धरणार नाही. आणि लोक आठवडाभर मला हसतील, तुला जन्मभर हसतील. गप्प राहा." मी गप्प राहिले. रीत मात्र त्यांनी मोडली नाही. पहिलं नाणं कोरणाऱ्याचं. तू बटाट्यांचं म्हणालास तेव्हा मी खरं बोलले असते, तर तू टोपी उचलली नसतीस. हे ओझं माझं आहे, पापांचं नाही. त्यांना तू आंधळा म्हणालास, तेही त्यांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं. मला क्षमा कर. हे वाक्य लिहायला मला कोरण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

डेन्व्हरला टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी सांगत नाही, फुशारकी वाटेल. खूप वेळ वाजल्या. छापील यादीत आता येणार आहे: 'अक्षरे लेओनहार्ड ब्रेंडल, डोंगर ओटिली ब्रेंडल'. लॅथ्रॉपसाहेबांनी काचेखालचं नाणं काढून कौतुकानं माझ्यापुढे धरलं, उजव्या हातानं. ट्रेगिअर लगेच ओरडला, "पाजा! सगळ्यांना पाजा!" नियम समजावून सांगितल्यावर त्या बिचाऱ्या विद्वान माणसानं खरोखरच सगळ्यांना पाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेन्व्हरच्या बाजारात फिरत होते. पाय जमिनीवर नव्हते. एका फळवाल्याकडे पीचच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि पेटीवर रंगीत कागद चिकटवलेला. त्यावर डोंगर. मिटन. अंगठा डावीकडे! खाली छापलं होतं, 'सी. ब्रेंडल यांची बाग', आणि कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच अलीकडच्या एका गावाचं नाव. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! म्हटलं, पासष्टीला आला तरी याची खोड गेली नाही. बापाला तोंडावर हसला, आता पेटीपेटीवर हसतो, आणि त्यावर पैसे कमावतो! फळवाला घाबरून म्हणाला, "बाई, फळं गोड आहेत हो." मी म्हटलं, फळं असतील, माणूस नाही. ट्रेगिअरला एकट्याला गावी धाडला, पश्चिमेचं तिकीट काढलं, आणि दीड दिवस गाडीत बसून तुला काय काय बोलायचं ते पाठ केलं. चांगली भाषणं होती रे. वाया गेली.

कारण आज दुपारी गाडी शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडली आणि मी खिडकीतून मागे पाहिलं. मिटन उभा होता. अंगठा डावीकडे.

मी जन्मात या बाजूला आले नव्हते. आपल्याकडचं कोण आलं होतं तेव्हा? इकडे यूट, या मुलखाचे मूळचे लोक, राहायचे, डोंगर मागून कसा दिसतो हे त्यांना विचारायला कोणी गेलं नाही, आणि पुढे त्यांना तर इथून घालवूनच दिलं. हातमोजा मागून पाहिला की अंगठा दुसऱ्या बाजूला येतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण चारशे खाणवाल्यांत एकालाही सुचलं नाही, मलाही नाही. आता मी तुझ्या गावच्या खाणावळीत वरच्या मजल्यावर, खिडकीशी बसून हे लिहिते आहे. एका हातात नाणं, समोर डोंगर. बर्फाचे ओघळ निराळे आहेत, पण माथ्याची कड हुबेहूब तीच, सुळक्याचा बाक तोच. तू हसत नव्हतास. रोज सकाळी तुझ्या खिडकीतून जे दिसतं तेच तू पेटीवर छापलंस. मला वाटतं, तुला हे पहिल्याच सकाळी कळलं असणार, खिंड उतरून मागे वळून पाहिलंस तेव्हा. आणि परत येऊन तसं सांगायला तुला लाज वाटली असणार. आपण एकाच आईची लेकरं, गप्प बसण्यात कोणी कोणाला हार जाणार नाही.

खाणावळवाली म्हणते तुझं घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तू उठतोस लवकर. हे पत्र ती आत्ताच कोणाबरोबर तरी धाडणार आहे. आधी पत्र, मग मी, असं ठरवलं, कारण तोंडानं सांगायला लागले तर तू अर्ध्यातच टोपी उचलशील, किंवा मी रडेन. पापांच्या टेबलाच्या खणात एक कागदाची पुडी होती. त्यावर त्यांच्या हातचं तुझं नाव आहे, अक्षरं वेडीवाकडी, दिसत नव्हतं तेव्हाची. आत दुसरं नाणं आहे, त्या दिवशीचं, तडा जाण्याआधीचं. दुसरं दाबणाऱ्याचं. तेरा वर्षं त्यांनी ते खर्चलं नाही, तेहेतीस वर्षं मी. लॅथ्रॉपसाहेबांना वाटतं जगात पाच डावरी आहेत. माझं पहिलं मी त्यांना दाखवलं, तेव्हा सहा झाली. सातवं मी पिशवीतून बाहेरच काढलं नाही, कारण ते माझं नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मी तुझं दार वाजवीन. दार उघडलंस तर डावा हात पुढे कर. उजवा पुढे केलास, तर नियम तुला माहीत आहे.

तुझीच,
टिली